अधिक नम्र असेल त्याला

एर्मा हर्स्टला नम्र माणसांचा अगदी वीट आला होता.

हे ती चारचौघांत कधी बोलली नव्हती आणि बोलणारही नव्हती. डोक्याला पांढरी जाळीदार टोपी लावणारी, पन्नाशी उलटलेली मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातली बाई असं काही बोलली असती, तर रविवारी उपासना संपल्यावर बिशपनं तिला सफरचंदाच्या झाडाखाली गाठून ‘एर्मा, सगळं ठीक आहे ना?’ असं काळजीनं विचारलं असतं. पण ग्रंथालयाच्या तळघरात, जुन्या पुस्तकांच्या खोलीत ती एकटी असली की पेटीतल्या त्या अर्ध्या पुस्तकाशी बोलायची, आणि तिथं तिची जीभ चांगली सैल सुटायची.

“तुला कापलं कुणी? नम्र माणसांनी. तुला अडकवून ठेवलंय कुणी? नम्र माणसांनी. एखाद्या गर्विष्ठाच्या हाती पडलं असतंस, तर आज धड असतंस.”

पुस्तक बिचारं काय बोलणार? तेही त्याच लोकांचं.

लँकेस्टर परगण्यातल्या त्या लहानशा ग्रंथालयात, अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची पुष्कळ छापील पुस्तकं होती. पंचांगं होती, पोरांनी हाताळून हाताळून चिंध्या केलेली बाराखडीची पुस्तकं होती. पण एर्माचा जीव होता तो या एकावर. कोकॅलिको ओढ्याकाठच्या मठात राहणाऱ्या जर्मन बंधूंनी ते छापलं होतं. कागद त्यांनीच केला, शाई त्यांनीच खलली, कातडंही त्यांनीच कमावलं. लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये बांधलेलं, पितळी कडीनं बंद होणारं, विटेपेक्षा जाड असं ते स्तुतिगीतांचं पुस्तक. आणि ते बरोबर मधोमध कापलेलं. पुढची फळी आणि निम्मी गीतं इथं ग्रंथालयात. मागची फळी आणि उरलेली निम्मी दोन टेकड्यांपलीकडे, मालिंडा रील नावाच्या, मोटार-वीज न वापरणाऱ्या आमिश पंथातल्या विधवेच्या स्वयंपाकघरात, चुलीवरच्या फडताळात.

ते कापलं कसं गेलं, ही गोष्ट त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. फार पूर्वी ख्रिस्टियन हूली नावाचा एक निपुत्रिक म्हातारा मरायला टेकला. म्हणाला, “माझं गीतपुस्तक माझ्या दोन शेजाऱ्यांपैकी जो अधिक नम्र असेल त्याला द्या,” आणि त्यानं डोळे मिटले. म्हातारा भोळा होता की बिलंदर, यावर अजून वाद होतात. शेजारी दोन, एक पीटर्सहाइम आणि एक रील. दोघंही आमिश, दोघंही सज्जन. पीटर्सहाइम म्हणाला, “अर्थातच रील.” रील म्हणाला, “छे छे, काहीतरीच! पीटर्सहाइम.” पुस्तक घ्यावं तर ‘मीच जास्त नम्र’ असं कबूल केल्यासारखं होणार, आणि असं कबूल करणारा नम्र कसला? पुस्तक हूलीच्या रिकाम्या घरात टेबलावर तसंच पडून राहिलं. शेवटी त्या वेळच्या बिशपनं वैतागून घोड्यांचे साज शिवणाऱ्याला बोलावलं, त्याच्या सुरीनं पुस्तकाची पाठ उभी चिरली आणि दोघांच्या हातांत एकेक अर्धं कोंबलं.

तेव्हापासून दोन्ही घरांना पिढ्यान्‌पिढ्या एकच उद्योग. आपलं अर्धं दुसऱ्याच्या गळ्यात कसं मारायचं. मळणीच्या दिवशी रीलांचं अर्धं पीटर्सहाइमांच्या गोठ्यात सापडायचं आणि सफरचंदांच्या खोक्यातून मुकाट्यानं परत यायचं. एकदा तर दोन्ही कुटुंबं एकाच दुपारी आपापलं अर्धं घेऊन एकमेकांकडे गेली, वाटेत चुकामूक झाली, आणि संध्याकाळी बघतात तर दोन्ही अर्धी नुसती घर बदलून बसलेली. अखेर गिडियन पीटर्सहाइमच्या वडिलांनी शक्कल काढली. त्यांनी आपलं अर्धं ग्रंथालयात ‘ठेव’ म्हणून आणून टाकलं. रील न्यायला आले की देऊन टाका, एवढं सांगून ते बग्गीत बसले आणि निघून गेले. रील कशाला येतात!

त्या अर्ध्याचं शेवटचं पान म्हणजे एर्माच्या मनाला लागलेली टोचणी. आमिश लोक प्रत्येक उपासनेत दुसरं गीत म्हणून जे गातात, ज्याच्यावाचून उपासनाच होत नाही, तेच स्तुतिगीत त्या पानावर सुरू होतं. दोन कडवी होतात आणि पान संपतं. पुढच्या पानाचा पहिला शब्द आधीच्या पानाच्या तळाशी कोपऱ्यात छापून ठेवायची तेव्हा छापखान्यांत रीत होती; बांधणाऱ्याच्या हातून पानं मागंपुढं होऊ नयेत म्हणून. त्या कोपऱ्यात, जर्मनमध्ये, शब्द होता ‘आणि’. नुसतंच ‘आणि’. पुढे सुरीची कड.

एर्मा ग्रंथपाल म्हणून नोकरीला लागली त्या पहिल्याच दिवशी तिनं ते ‘आणि’ पाहिलं. तेव्हापासून तिला वाटत आलं होतं, कुणीतरी बोलता बोलता मध्येच उठून गेलंय आणि आपण त्याची वाट बघत बसलोय. पुढं काय येतं ते तिला झोपेत उठवलं तरी सांगता आलं असतं, कारण गीत सगळ्यांनाच पाठ. पण छापलेल्या त्या शब्दाला त्याचं पान मिळालेलं तिला डोळ्यांनी बघायचं होतं. बाई फार काही मागत नव्हती. पण काहीतरी हवं असणं, हीच तर त्या मुलखात लाजेची गोष्ट. जेवणाच्या पंगतीत पाय नावाचा गोड सारणाचा भाजलेला पदार्थ वाढायला आला तरी दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा, असं तिला आईनं बोलायला शिकवायच्या आधी शिकवलं होतं.

आयझॅक नोल्ट नावाचा पुस्तकं बांधणारा जवळच राहायचा. त्यानं अर्धं पुस्तक हातात घेऊन कापलेल्या बाजूनं न्याहाळलं. आतले फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, ते ज्यावर शिवले होते ते दोर, सगळं उघडं पडलेलं.

“कापणाऱ्याचा हात चांगला होता,” तो म्हणाला. “एकही पान दुखावलेलं नाही. नवे दोर घालीन, फर्मे शिवीन, कातडं जोडीन. दुसरं अर्धं आण आणि मालकाचा होकार आण.”

“होकार कशाला, आयझॅक? जोडायचंच तर आहे.”

“दुसऱ्याच्या घोड्याला विचारल्याशिवाय नाल ठोकतात का? मालक ‘हो’ म्हणाला पाहिजे.”

म्हणून एर्मा आधी गिडियन पीटर्सहाइमकडे गेली. गिडियन सत्तरीचा, छातीभर पांढरी दाढी, आणि जगात एकाच गोष्टीचा शौक. गंजलेले बोल्ट, नट आणि बिजागऱ्या. कुठं लिलाव असला की तो लोखंडाच्या भंगाराचं खोकं घेतल्याशिवाय घरी यायचा नाही. आताही तो कोठाराच्या दारात बसून बिजागऱ्या आकाराप्रमाणं लावत होता.

“गिडियन, तुमचं अर्धं जोडायला होकार द्या ना.”

“माझं कुठलं? ते मालिंडाचं.”

“मग मालिंडाचं म्हणून जोडू?”

“ती ‘माझं’ म्हणाली तर खुशाल जोड.”

“त्या म्हणतात, तुमचं.”

“बघ!” गिडियनचा चेहरा उजळला. “किती नम्र बाई आहे बघ ती! म्हणून तर पुस्तक तिचं.”

त्याच्या बिजागऱ्यांचा डबा उचलावा आणि त्याच्याच डोक्यावर उपडा करावा, असं एर्माला वाटलं. ती हसून “बरं येते,” म्हणाली आणि गाडीत बसून एकटीच फणफणली.

मालिंडा रीलच्या स्वयंपाकघरात तिला काकवीचा पाय मिळाला. एर्मानं रीतसर दोनदा ‘नको’ म्हटलं, मग दोन तुकडे खाल्ले. मालिंडा बुटकी, गोल, आणि डोळ्यांत कायम कसलातरी कट शिजत असलेली बाई होती. तिनं कॉफी ओतता ओतता सांगून टाकलं.

“मुलांनी केंटकीत जमीन घेतलीय. इथं एकराला हात लावायची सोय राहिली नाही. पुढल्या महिन्यात घरातल्या सामानाचा लिलाव आणि बर्फ पडायच्या आत आम्ही पसार.”

एर्मानं काटा खाली ठेवला. “आणि पुस्तक?”

“ते होय? गिडियनचं ते. जायच्या आधी त्याच्या पदरात घालून जाईन. या वेळी असं घालीन की त्याला परत करताच येणार नाही.”

एर्मानं फडताळाकडे पाहिलं. मिठाच्या डब्याशेजारी ते उभं होतं, आणि मागच्या फळीला लावलेला कातड्याचा पट्टा पितळी आकड्यासकट खाली लोंबत होता. त्या आकड्यात अडकायची खुंटी ग्रंथालयात, तिच्या पेटीत होती. हे आता एक तर केंटकीला जाणार, नाहीतर गिडियनच्या कोठारात, उंदरांच्या तोंडी. ‘मला द्या. मला हवंय.’ शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले. एर्मानं ते कॉफीच्या घोटाबरोबर गिळले आणि पाय छान झालाय म्हणाली.

लिलावाचा दिवस उजाडला तो ऑक्टोबरातला लख्ख दिवस. रीलांच्या कुरणात बग्ग्यांची रांग लागली होती, घोडे कुंपणाला बांधलेले, मेपलची झाडं लालभडक. गवताच्या गाड्यांवर घरातलं सगळं सामान मांडलेलं. खाट, पाळणा, मुरांब्याच्या बरण्या, रजया. बायकांच्या टेबलावर कोंबडी-मक्याच्या सूपचं पिंप उकळत होतं आणि बीटाच्या रसात मुरलेली लाल अंडी संपत आली होती. पोरं पिंपातल्या पाण्यातली सफरचंदं तोंडानं पकडत होती. घर मोडायचा दिवस असूनही कुणी सुतकी चेहरा केला नव्हता. मालिंडाच्या पाककृतीचं सूप फुकटात शिकायची ही शेवटची संधी म्हणून बायका पिंपाभोवती घुटमळत होत्या.

एर्मा सूप वाढत होती. एवढ्यात मालिंडा तिच्या कोपराला चिमटा काढत म्हणाली, “इकडे ये. घोटाळा झालाय.”

“काय झालं?”

“ते अर्धं. मी ते पंच्यात गुंडाळून डब्यात घातलं आणि डबा ठेवला त्या खोक्यात. बोल्टांच्या. खाली, अगदी तळाशी.”

“बोल्टांच्या!” एर्माच्या हातातली पळी पिंपाच्या काठावर आपटली.

“अगं, गिडियन घेणारच ना ते! गंजलेलं खोकं त्यानं कधी सोडलंय? घरी जाऊन उपसणार, पुस्तक सापडणार, आणि तोवर मी केंटकीत. विकत घेतलेली वस्तू परत कशी करणार?” मालिंडाच्या तोंडावर क्षणभर आपल्या अकलेचं कौतुक पसरलं आणि तसंच उतरलं. “पण तो बघ. निळ्या टोपीवाला.”

गाडीवर उभा राहून लेरॉय बोली पुकारत होता. त्याच्या पायाशी बोल्टांचं खोकं. गिडियन खुशीत मान डोलवून बोली वाढवत होता. आणि समोर निळ्या टोपीतला एक माणूस, फिलाडेल्फियाचा जुन्या वस्तूंचा व्यापारी, तितक्याच शांतपणे हात वर करत होता. सकाळी त्यानं खोकी उपसून पाहिली होती. तळातल्या डब्यात, पंच्याबाहेर डोकावणारा पितळी आकडा त्याच्या नजरेतून सुटला नव्हता.

“गिडियनला सांगा ना, वर चढवा म्हणून!”

“त्यात काय आहे हे त्याला कळलं, तर तो हातच खाली घेईल. ओळखतेस ना त्याला?”

“मग लेरॉयला सांगा, खोकं काढून घे. एक शब्द, मालिंडा! त्यात माझी वस्तू आहे म्हणा.”

मालिंडानं झग्याच्या पुढचं पांढरं वस्त्र दोन्ही हातांनी चुरगळलं. “तोच तर शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही गं. माझ्या सासऱ्यांनी नाही, त्यांच्या वडिलांनी नाही. मी आज जाता जाता कशी म्हणू?”

एर्मानं पुन्हा गाडीकडे पाहिलं. गिडियननं हात खाली घेतला होता. शेजारच्याला तो काय म्हणाला ते तिला स्पष्ट ऐकू आलं. “बिचारा एवढ्या लांबून आलाय. त्याला फारच गरज दिसतेय बोल्टांची.”

“एकदा,” लेरॉय ओरडला. “दोनदा…”

यानंतर काय झालं ते एर्माला नंतर धड आठवत नव्हतं, पण बाकी सगळ्यांना आठवत होतं आणि ते तिला वरचेवर आठवण करून देत असत. ती टेबलाखालून वाकून पळाली, हातात पळी तशीच, वाटेत सफरचंदांच्या पिंपाला धक्का देऊन दोन पोरांना भिजवत. गाडीवर चढली. आणि खोक्यावर पसरून तिनं त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं.

“थांबा! मला हवंय!”

अख्ख्या कुरणानं माना वळवल्या. घोडेसुद्धा मान वर करून बघायला लागले.

“एर्मा,” लेरॉय खाली वाकून म्हणाला, “बोली लावायची असते. मिठी मारून भागत नाही.”

एर्माचा चेहरा बीटातल्या अंड्यांसारखा लाल झाला होता. टोपी एका कानावर आली होती. समोर तिचा बिशप, तिच्या रविवारच्या वर्गातली मुलं, तिच्या दोन बहिणी, सगळे उभे. तिनं एक आकडा उच्चारला. त्यात एक दुभती गाय सहज आली असती. हिवाळ्याआधी गाडीचे टायर बदलायला म्हणून बाजूला ठेवलेले सगळेच्या सगळे पैसे.

“बोल्टांना?” गर्दीतून कुणीतरी कळवळून विचारलं.

“हो, बोल्टांना! मला हवेत. माझं आहे हे खोकं. दुसऱ्या कुणाला मिळू देणार नाही मी!”

निळ्या टोपीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पळीकडे पाहिलं, आणि टोपी काढून मान झुकवली. तो चार ठिकाणी फिरलेला माणूस होता. कुठं थांबायचं हे त्याला कळत होतं.

“दिलं!” लेरॉय म्हणाला. “सूप वाढणाऱ्या बाईला.”

मग जो हशा उसळला तो ओढ्यापलीकडे ऐकू गेला म्हणतात. एर्मा खोक्यावर तशीच बसून राहिली. लाजेनं मरून जावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी आतून अशा काही उकळ्या फुटत होत्या, की तिला स्वतःचीच भीती वाटली.

रील कुटुंब निघायच्या आदल्या दिवशी मालिंडा ग्रंथालयात आली. तिला बग्गीतून गिडियननंच आणलं. तळघरातल्या लांब टेबलावर एर्मानं दोन्ही अर्धी मांडली होती, मध्ये हातभर अंतर ठेवून. आयझॅक नोल्ट एका बाजूला उभा होता.

“हात धुतले का?” एर्मानं गिडियनला विचारलं.

“सकाळी घोडा धुतला, तेव्हा हातही धुतले गेले.”

“तिकडे साबण आहे.”

गिडियन गुमान हात धुऊन आला. मग चौघंही त्या हातभर अंतराकडे बघत बसली.

“मालिंडाचं अर्धं तू विकत घेतलंस, ते तुझं,” गिडियन दाढी कुरवाळत म्हणाला. “पण हे दुसरं मी कसं देणार? ते माझं नाहीच. जो अधिक नम्र असेल त्याचं, आणि ती तर मालिंडा.”

“झालं का सुरू!” मालिंडा म्हणाली. “गिडियन, शाळेत तू माझ्या मागच्या बाकावर बसायचास, तेव्हापासून तुझं डोकं हळू चालतं. जरा विचार कर. आपण दोघं जन्मभर काय करत आलो? नम्रतेत पहिला नंबर आपलाच लागावा म्हणून पळत आलो. तू मला पुस्तक देणार, मी तुला देणार, आणि मनात म्हणणार, बघा मी किती भला. पुस्तकाचे दोन तुकडे पडलेत याचं कुणाला काही होतं? या पोरीला होतं.”

“मी पोर नाही, मालिंडा,” एर्मा म्हणाली.

“तू गप्प बस. ही पोरगी सबंध गावासमोर ‘माझं, माझं’ म्हणून ओरडली. तिची टोपी वाकडी झाली, तिचं हसं झालं. तो शब्द म्हणायचा होता मला. लाज वाटायला हवी होती मला. ती हिनं आपल्या अंगावर घेतली. आता तू सांग, त्या कुरणात अधिक नम्र कोण होतं?”

गिडियननं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. वर वाचनालयात कुणाची तरी खुर्ची सरकली. शेवटी त्यानं आपली शेवटची हरकत काढली. “पण हूलीनं शेजाऱ्यांपैकी म्हटलं होतं. एर्मा शेजारी कुठं आहे?”

“मी उद्या केंटकीला चाललेय,” मालिंडा म्हणाली. “एका शेजाऱ्याची जागा रिकामी झाली.”

गिडियननं डोळे मिचकावले. त्याची दाढी आधी हलली, मग खांदे हलायला लागले, आणि मग तो इतका हसला की हॅट खाली पडली. त्यानं आपल्या बाजूचं अर्धं, धुतलेल्या हातांनी, अलगद एर्माकडे सरकवलं.

“घे. हूलीनं तुलाच ठेवलं होतं. आम्ही नुसते मधले हमाल.”

आता तिघंही एर्माकडे बघायला लागली. रीत सगळ्यांना माहीत होती. आता ती ‘नको हो, माझी कुठली लायकी’ म्हणणार, मग हे आग्रह करणार, मग ती पुन्हा नको म्हणणार. एर्माच्या घशात ते ‘नको’ उचकीसारखं वर आलंसुद्धा. तिनं त्या दोन तुकड्यांकडे पाहिलं. या एका शब्दापायीच तर पुस्तक इतकी वर्षं असं पडलं होतं.

“घेते,” एर्मा म्हणाली. “आणि मला फार आनंद झालाय.”

“एकदाही नको म्हणाली नाही!” गिडियन अचंब्यानं मालिंडाला म्हणाला.

“शिक काहीतरी,” मालिंडा म्हणाली.

आयझॅकनं दोन्ही अर्धी उचलली, कापलेल्या बाजू एकमेकींना भिडवल्या आणि पुस्तक मधोमध उघडलं. डाव्या पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, ‘आणि’. उजव्या पानाच्या माथ्यावर, पहिलाच शब्द, ‘आणि’. त्याच ठशाचा, त्याच शाईचा. त्यापुढं तिसरं कडवं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. एर्मानं ते तीनदा वाचलं. मग तिला दिसेना, कारण डोळे भरून आले होते, आणि तिनं घाईनं मान मागं घेतली. पानावर पाणी पडून चालत नाही.

आयझॅकनं फळ्या मिटल्या. मागचा पट्टा पुढं ओढला, आणि पितळी आकडा पुढच्या फळीवरच्या खुंटीत अडकवला. खट असा आवाज झाला.

“मग?” आयझॅकनं विचारलं. “मालकीणबाई काय म्हणतात?”

“हो,” एर्मा म्हणाली. “माझं आहे. जोडा.”

गिडियननं हॅट उचलून गुडघ्यावर ठेवली, डोळे मिटले आणि त्या गीताचा पहिला स्वर एकट्यानं लावला, लांब, संथ, त्यांच्या उपासनेत लावतात तसा. मालिंडा त्यात मिसळली, मग आयझॅक. वरून एक विद्यार्थी जिन्यात डोकावला. बोटाचा आवाज झाला तरी डोळे वटारणारी ग्रंथपाल बाई स्वतःच तोंड उघडून गातेय, हे बघून तो पायरीवरच बसला. दुसरं कडवं संपलं. एर्मानं श्वास घेतला आणि तिसऱ्याचा पहिला शब्द इतरांच्या आधी, जरा जास्तच मोठ्यानं म्हटला.

निघताना मालिंडानं एर्माला घट्ट मिठी मारली आणि केंटकीला ये, पाय खायला, म्हणाली. गिडियन मात्र दारात रेंगाळला. कोपऱ्यात बोल्टांचं खोकं होतं, त्याच्याकडे बघत त्यानं हॅट दोन-तीनदा फिरवली.

“हे… याचं काय करणार आहेस?”

“अजून ठरवलं नाही.”

“नाही, म्हणजे, तुला अडचण होत असेल तर. मला काही तसं नको आहे. पण कुणी नेणारं नसेल, तर उगाच…”

“गिडियन,” एर्मा हाताची घडी घालून म्हणाली, “हवंय का?”

गिडियननं तळघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. मालिंडा बग्गीत बसून घोड्याशी बोलत होती. आयझॅक पुस्तक उराशी धरून पायऱ्या चढत होता. कुणी ऐकत नाही अशी खात्री करून घेऊन तो एर्माच्या कानाशी वाकला. त्याचे कान लाल झाले होते.

“मला हवंय,” तो म्हणाला.